छत्री छपरावर कशाला?

“हलव! आणखी हलव! गेलं, गेलं! मागं घे... हां, आलं! आता हात काढू नको!”

ही आरोळी आठवली, की मुळशी तालुक्यातला पन्नाशी ओलांडलेला कोणीही माणूस हसू लागतो. त्या काळी घरोघरी हेच चाले. एक जण कौलांवर चढून अँटेनाची नळी फिरवी. दुसरा खिडकीत उभा राही. तिसरा आत टी.व्ही.समोर बसून हुकूम सोडी. रविवारची सकाळ, टी.व्ही.वर ‘रामायण’, ओटीवर सारी आळी जमलेली, आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या! १९८७-८८ सालची ही गोष्ट.

आता ते काड्यांचे अँटेना गेले. छपरांवर पत्र्याच्या वाटोळ्या छत्र्या आल्या. पण आरोळी मात्र गेली नाही. पाऊस लागला, चित्र अडखळले, की आजही कोणीतरी ओल्या कौलांवर चढतो आणि खालून कोणीतरी ओरडतो, “हलव!”

हे चढणे थांबावे, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत. चित्र नीट आणायला छपरावर चढावेच लागते, ही समजूत जुन्या अँटेनाच्या काळातली आहे. तेव्हा ती खरी होती. आज ती खरी नाही. का नाही, ते समजायला आधी जुन्या अँटेनाकडे वळू या.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण मुंबई आणि आपण यांच्यामध्ये सह्याद्री उभा. म्हणून १९७३ साली सिंहगडावरून पुण्याच्या भागासाठी प्रक्षेपण सुरू झाले. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. एवढ्या उंचावरून टी.व्ही.च्या लाटा चहूकडे सोडल्या जात.

या लाटा डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्यांची चाल उजेडासारखी असते. समजा, सिंहगडावर एक भला मोठा दिवा लावला. ज्या माळावरून गड दिसतो, तिथे तो दिवाही दिसेल. पण डोंगराच्या पाठीमागे जी वाडी आहे, तिथे दिसेल का? नाही. मध्ये डोंगर आहे. टी.व्ही.च्या लाटांचेही तसेच. त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगराआडच्या वाडीत त्या पोचत, पण थकूनभागून. कधी समोरच्या कड्यावर आपटून उलट्या येत. मग एक लाट सरळ आलेली आणि एक आपटून उशिरा आलेली, अशा दोन्ही अँटेनात शिरत. पडद्यावर एका माणसाची दोन माणसे दिसत. एक ठळक, आणि त्याच्या शेजारी त्याचे भूत.

तेव्हा नळी जितकी उंच करावी तितका फायदा होई. दहा फूट वर गेले, की डोंगराच्या खांद्यावरून थोडी तरी लाट हाती लागे. त्यासाठीच लोकांनी वीस-वीस फुटांच्या नळ्या लावल्या. काहींनी तर बांबूला बांबू बांधला. तो अँटेनाही मोठा हुशारीचा होता बरं का. आडव्या नळीवर ओळीने काड्या. त्यांतल्या एकाच काडीला वायर, बाकीच्या नुसत्या लाट पुढे ढकलायला आणि मागून अडवायला. यागी आणि उडा या दोन जपानी संशोधकांनी १९२६ च्या सुमारास ही रचना शोधून काढली. कावळे तिच्यावर बसत, हा काही त्यांचा दोष नव्हे.

पुढे दूरदर्शनने जमिनीवरून होणारी जुनी प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने बंद केली. २०२१ सालच्या अखेरीपर्यंत देशातली बहुतेक सारी बंद झाली. तेव्हा कोणाच्या छपरावर जुना काड्यांचा अँटेना अजून असेल, तर तो आता टी.व्ही.च्या कामाचा नाही. त्याची नळी मात्र चांगली असते. ती पुढे कामाला येईल.

आता लाट येते ती गडावरून नव्हे, आभाळातून. आणि इथेच सगळा हिशेब बदलला.

एका वाडीत आम्ही गेलो होतो, तिथली हकिकत सांगतो. वाडी धरणाच्या पाण्यापासून फार लांब नाही. आजूबाजूला डोंगर. एका घरात आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. घरात सरकारी फुकट वाहिन्यांची छत्री आहे. तिला ‘डीडी फ्री डिश’ म्हणतात. दूरदर्शनने ही सोय डिसेंबर २००४ मध्ये सुरू केली. तेव्हा तिचे नाव ‘डीडी डायरेक्ट प्लस’ होते. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, मग महिन्याला काही भरावे लागत नाही. सह्याद्री वाहिनी दिसते, शेतीची वाहिनी दिसते, मुलांच्या अभ्यासाच्या वाहिन्या दिसतात. हातावर पोट असलेल्या घराला ही सोय मोठी आहे.

पण या घरातले चित्र सारखे तुटे. चौकोन-चौकोन पडत, आवाज कटकट करी, मग पडदा कोरा. डिशवाला तीन वेळा येऊन गेला. येई, छत्री थोडी हलवी, पैसे घेई, जाई. चार दिवस बरे, मग पुन्हा तेच.

आजोबांनी आमच्यापुढे बेत मांडला.

“गुरुजी, जुन्या अँटेनाची नळी गोठ्यात पडलीय. ती हिच्याखाली जोडतो. छत्री धा फूट वर गेली म्हंजी डोंगर आडवा यायचा न्हाई.”

आम्ही वर पाहिले. छपराच्या कडेपासून पाच-सहा हातांवर विजेच्या तारा गेल्या होत्या.

“आजोबा, ही नळी उभी करताना हातातून सुटली आणि त्या तारेवर टेकली, तर?”

आजोबा काही बोलले नाहीत. सूनबाई पटकन म्हणाल्या, “मी हेच सांगते. पण ऐकतंय कोण?”

लोखंडी नळी उघड्या तारेला लागली, तर नळी धरणारा माणूस वाचणे कठीण. जिथे विजेची तार जवळ आहे, तिथे नळी उभी करायचीच नाही. जवळ म्हणजे किती? नळी कोणत्याही बाजूला आडवी पडली, तरी तारेला पोचता कामा नये. आजोबांची नळी आडवी पडली असती, तर तारेच्याही पलीकडे गेली असती.

आणि गंमत अशी, की या धोक्याची गरजच नव्हती. छत्री दहा फूट वर नेऊन तिला काडीचाही फायदा झाला नसता.

हे कसे, ते पाहू. फ्री डिशच्या वाहिन्या ज्या उपग्रहावरून येतात, त्याचे नाव जीसॅट-१५. आपल्या इस्रोने तो तयार केला. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतल्या तळावरून आकाशात सोडला गेला. तो विषुववृत्ताच्या वर, अंदमानच्या दक्षिणेला आहे. जमिनीपासून उंची सुमारे ३६,००० किलोमीटर. पृथ्वीला एक पुरी प्रदक्षिणा घातली तर ४०,००० किलोमीटर होतात. म्हणजे उपग्रह केवढ्या लांब आहे, याचा अंदाज येईल. पृथ्वी जशी फिरते तसाच तोही तिच्याबरोबर फिरतो. म्हणून आपल्याला तो आभाळात एकाच जागी खिळल्यासारखा असतो. दिसत मात्र नाही.

छत्तीस हजार किलोमीटरांत दहा फूट म्हणजे काय? काहीच नाही! आपण दहा फूट वर गेलो म्हणून चंद्र मोठा दिसतो का? तसेच हे.

मग छत्रीला हवे काय? एकच. आभाळातली ती जागा तिला मोकळी दिसली पाहिजे. मध्ये काही नको.

ती जागा मुळशीतून कुठे आहे, ते सांगतो. आग्नेय दिशा आपल्याला माहीत आहे. पूर्व आणि दक्षिण यांच्या मधली. त्या आग्नेयेपासून अगदी थोडे पूर्वेकडे तोंड करा. मोबाइलमध्ये होकायंत्र असते, त्यात हा आकडा साधारण १३१ येतो. होकायंत्र पाहताना पत्र्यापासून आणि लोखंडी नळीपासून चार पावले दूर उभे राहा, नाहीतर सुई फसते. आता उंची. जमीन आणि आभाळ टेकतात तिथपासून डोक्याच्या वरपर्यंत तीन सारखे भाग कल्पा. खालून जवळजवळ दोन भाग वर चढा. तिथे उपग्रह आहे.

म्हणजे तो चांगलाच वर आहे. डोंगराच्या खूप वर. पाच-सहाशे फुटांवर हजार फुटांचा उभा कडा असेल, तरच तो आडवा येईल. तशी घरे कितीशी असणार? सिंहगडाच्या दिवसांत डोंगर वैरी होता. आता तो बिचारा बाजूला उभा आहे, आणि आपण मात्र अजून त्यालाच बोल लावतो.

खुणेची एक गोष्ट सांगू? पौडपासून धरणापर्यंतच्या गावांना सिंहगडही आग्नेयेलाच पडतो. त्यामुळे कित्येक घरांत जुना अँटेना ज्या बाजूला तोंड करून होता, जवळपास त्याच बाजूला छत्रीचे तोंड आले. म्हणून लोकांना वाटते, अजून गडावरूनच येते. गडावरून नव्हे, गडाच्या पुष्कळ वरून.

एक सावधगिरी. ही दिशा फ्री डिशची आहे. महिन्याचे पैसे घेणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या छत्र्या दुसऱ्या उपग्रहांकडे पाहतात. शेजाऱ्याची छत्री पाहून आपली तशीच लावायची, तर आधी शेजाऱ्याची कोणती ते विचारा.

मग आजोबांच्या छत्रीला आडवे काय येत होते? आम्ही छपरावर गेलोच नाही. अंगणात छत्रीच्या खाली उभे राहिलो आणि आग्नेयेकडे तोंड करून वर पाहिले. समोर फणस! आजोबांनी स्वतः लावलेला, आता चांगला वाढलेला. छत्री बसवली तेव्हा तो लहान होता. दर पावसाळ्यात त्याने एक-एक फांदी पुढे केली. वारा आला, की फांदी हले. फांदी हलली, की चित्र तुटे. डिशवाला छत्री जरा बाजूला करी, तेव्हा फांद्यांमधून वाट सापडे. पुन्हा पालवी फुटली, की वाट बंद.

झाडाची पाने या लाटांना अडवतात. ओली पाने तर फारच अडवतात. घरावर सावली धरणारे झाड टी.व्ही.वरही सावली धरते.

“म्हंजी फणस तोडायचा?” आजोबांचा आवाज एकदम चढला. “टी.व्ही. गेला खड्ड्यात!”

फणस तोडायचा नव्हताच. छत्री हलवायची होती. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, गोठ्याच्या पलीकडे, आग्नेयेला मोकळी जागा होती. किती लांब जायचे, त्याचा सोपा हिशेब आहे. झाड छत्रीपेक्षा जितके उंच, त्याच्या पाऊणपट अंतर फांद्यांपासून सोडावे. झाड तीस फूट वर असेल, तर बावीस-तेवीस फूट. त्याहून थोडे कमी पुरते, पण झाड वाढणार, हे धरून चालावे.

“पण गुरुजी, तिथं तर छप्परच न्हाई. लावायची कशावर?”

“जमिनीवर.”

हे ऐकून सगळे हसले. छत्री जमिनीवर? पण का नाही? आभाळ तर अंगणातूनही तेवढेच दिसते! जुन्या नळीचा पाच फुटांचा तुकडा कापला. दीड-दोन फूट खड्डा घेतला आणि नळी सिमेंट-खडीत पक्की केली. नळी मात्र अगदी सरळ उभी पाहिजे. गवंड्याचा ओळंबा लावून चारही बाजूंनी पाहिले. नळी कलती राहिली, तर पुढचे सगळे माप खोटे पडते. सिमेंट दोन दिवस वाळू दिले. तिसऱ्या दिवशी छत्री तिच्यावर चढवली, ती आजोबांच्या कमरेच्या उंचीवर आली. गुरे घासू नयेत म्हणून मुलाने भोवती कारवीच्या काठ्यांचे कुंपण केले. कुंपण छत्रीपेक्षा ठेंगणेच ठेवले.

छत्रीचे तोंड लावताना एक गोष्ट फसवते. ती पाहायला समोरच्या डोंगराकडे तोंड करून असल्यासारखी वाटते. आपल्याला वाटते, आणखी वर करावी. तसे करू नये. या छत्रीची घडणच अशी आहे, की वरून आलेली लाट पत्र्यावर आपटून खाली, पुढच्या दांडीच्या टोकाशी गोळा होते. त्या टोकाला जी लहान डबी असते, तिला एलएनबी म्हणतात. लाट पकडणारी खरी तीच. पत्रा फक्त गोळा करणारा. पागोळीचे पाणी पन्हळीतून घागरीत सोडतात ना? तसा पत्रा म्हणजे पन्हळ आणि डबी म्हणजे घागर. घागर जागची हलली, तर पन्हळीतून कितीही पाणी येऊ दे, ते मातीत जाईल. म्हणून ती दांडी वाकलेली नसावी, आणि तिच्यावर कपडे वाळत घालू नयेत. हे सांगावे लागते, कारण आम्ही ते पाहिले आहे.

आपल्या पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला अशाच छत्र्या आहेत, पण राक्षसी. ४५ मीटर व्यासाची एक, अशा एकूण ३०. त्या टी.व्ही.साठी नाहीत. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या लाटा त्या गोळा करतात. काम मात्र तेच, गोळा करण्याचे. लाट जितकी दुबळी, तितकी छत्री मोठी.

तोंड किती अचूक लागावे? हात लांब करून अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या रुंदीएवढे आभाळ इकडे-तिकडे झाले, की चित्र जाण्याच्या बेतात येते. म्हणून छत्री भराभरा फिरवायची नाही. केसभर सरकवायची, थांबायचे, दोन-तीन सेकंद वाट पाहायची. बॉक्सला समजायला तेवढा वेळ लागतो. जुन्या अँटेनाला वेळ लागत नसे. तो फिरवला की चित्र लगेच बदले. हाताला तीच सवय आहे, आणि म्हणूनच लोक बरोबर जागा ओलांडून पुढे जातात.

इथे सूनबाईंचा उपयोग झाला. त्यांनी टी.व्ही. खिडकीशी ओढला. बॉक्सच्या यादीत एक पान असते, त्यावर दोन पट्ट्या दिसतात. एक ‘स्ट्रेंग्थ’ आणि एक ‘क्वालिटी’. डिशवाला नेहमी पहिली पट्टी दाखवी. “बघा, भरली की!” पण छत्री उपग्रहाकडे नसली, तरी पहिली पट्टी बरीचशी भरते. डबीला वीज पोचते आहे, वायर जोडलेली आहे, एवढेच तिच्यावरून कळते. बघायची ती दुसरी, क्वालिटीची. ती भरली, तरच चित्र. दोन्ही नावे इंग्रजी. सूनबाईंनी दुसऱ्या नावाचे पहिले अक्षर एका कागदावर जसेच्या तसे काढून घेतले आणि कागद टी.व्ही.शेजारी चिकटवला. गोल आणि खाली शेपटी, असे ते अक्षर.

“तीस... पस्तीस... गेलं... परत पस्तीस... पन्नास... साठ! थांबा!”

आम्ही थांबलो. बोल्ट हळूहळू, एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा, असे आवळले. एकच बाजू आधी आवळली, की छत्री सरकते. मग डबी तिच्या पट्ट्यात थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे फिरवून पाहिली. लाट सरळ उभी येत नाही, कलती येते, म्हणून डबीही कलती बसते. तिने आणखी दहा आकडे दिले.

आता वायरीबद्दल. मुळशीत छत्री बिघडण्याचे, झाडाखालोखाल, हेच कारण आम्हाला आढळले. चार महिने पाऊस, धुके, ओल. डबीपाशी जिथे वायर पिरगळून बसवतात, तिथे पाणी शिरते. आतली तांब्याची तार हिरवी पडते. वायर उघडून पाहा. तार लखलखीत पाहिजे. हिरवी असेल, तर वीतभर वायर कापून नवीन टोक काढावे आणि नवीन पिन बसवावी. वर चिकटपट्टी गुंडाळावी, आणि तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधावा. वायरीत मध्ये जोड नको. जोड म्हणजे पाण्याला दिलेले दार. घरात शिरण्यापूर्वी वायरीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी त्या झोळावरून टपकून जाईल, भिंतीत जाणार नाही. हे सगळे करण्यापूर्वी बॉक्स बंद करून त्याची पिन बोर्डातून काढावी. या वायरीतून येणारी वीज थोडी असते, माणसाला धोका नसतो, पण तार तारेला टेकली तर बॉक्स जळतो.

पत्र्याला पोचा आला असेल, तर तोही पाहावा. जुन्या अँटेनाच्या लाटा मीटर-दोन मीटर आणि त्याहून लांब होत्या. त्यांना अशा बारीकसारीक गोष्टी कळत नसत. उपग्रहाची लाट बोटाच्या एका पेराएवढी. तिला पोचा कळतो, ओले पान कळते आणि पावसाचा थेंबही कळतो.

पावसाचे मात्र खरे ते सांगितले पाहिजे. ताम्हिणीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सांगायला नको. आभाळ फाटल्यासारखे कोसळू लागले, की छत्री कितीही चांगली लावा, थोडा वेळ चित्र जाणारच. पाण्याचे थेंब लाट पिऊन टाकतात. त्यावर छत्री हलवणे हा उपाय नाही. उलट तोच घात आहे. पावसात हलवलेली छत्री पाऊस थांबल्यावर चुकीच्या जागी राहते, आणि मग म्हणतात, “पावसानं छत्री बिघडवली.” गप्प बसावे. जोर ओसरला, की चित्र आपोआप येते.

पण साध्या पावसातही चित्र जात असेल, तर मात्र छत्री कमी पडते आहे, असे समजावे. बाजारात साधारण ६० सेंटिमीटरची छत्री मिळते. आमच्या मते मुळशीसारख्या पावसाच्या मुलखात ९० सेंटिमीटरची घ्यावी. दीडपट रुंद, पण पत्रा सव्वादोनपट. लाटही सव्वादोनपट गोळा होते. पावसाने त्यातली निम्मी खाल्ली, तरी चित्र टिकते. थोडे पैसे जास्त जातात, वाराही जास्त धरते, म्हणून नळी जाड आणि पाया खोल पाहिजे. महिन्याला पैसे भरायचे नाहीत, तर एकदा हा खर्च परवडावा.

वळवाच्या विजा चमकू लागल्या, की बॉक्सची पिन काढावी आणि छत्रीची वायरही बॉक्समधून सोडवून ठेवावी. एप्रिल-मे आणि पुन्हा परतीचा पाऊस, हे दिवस त्याचे. नळीपासून जमिनीत अर्थिंगची तार सोडावी, ती वायरमनकडूनच. छत्री जमिनीवर असली, तरी गडगडाटात तिच्याजवळ जायचे नाही.

आता राहिली जागा पारखण्याची एक युक्ती. ही कोणा मेकॅनिककडून नव्हे, सूर्याकडून शिकावी. वर्षातून दोन वेळा सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या जागी येतो. मुळशीत हे मार्चच्या १२-१३ तारखेच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमारास होते. दुसऱ्यांदा १ ऑक्टोबरच्या आसपास, अकराला थोडी मिनिटे कमी असताना. त्या वेळी जिथे छत्री लावायची, तिथे उभे राहा. सूर्याकडे बघू नका, डोळे जातील. आपल्या पायांकडे बघा. तुमच्या अंगावर पुरे ऊन आहे? कशाचीही सावली नाही? मग जागा मोकळी आहे, खुशाल खड्डा घ्या. पानांची जाळी अंगावर पडली, तर चार पावले सरका. होकायंत्र नको, अंश नकोत.

त्याच दिवसांत, त्याच वेळी, काही मिनिटे चित्र तुटते किंवा जाते. सूर्यही लाटा सोडतो. तो नेमका उपग्रहाच्या मागे उभा राहिला, की त्याच्या गोंगाटात उपग्रहाचे बोलणे ऐकू येत नाही. तीन-चार दिवस हे चालते आणि संपते. डिशवाल्याला बोलावू नये.

आजोबांना आम्ही हे सांगून ठेवले होते. पुढच्या ऑक्टोबरात आम्ही त्या वाडीत गेलो, तेव्हा सूनबाई सांगू लागल्या. सकाळी अकराच्या आत पडदा कोरा झाला. नातू पाना घेऊन धावला. आजोबांनी त्याला हटकले, अंगणात आणून छत्रीपाशी उन्हात उभे केले.

“बघ, हाय का सावली? न्हाई ना? मग हात लावू नगं. वर सूर्याची बैठक चाललीय. उठला की येईल.”

दहाएक मिनिटांनी चित्र आले. तोवर आजोबा फणसाखाली बाजेवर आडवे झाले होते.